परतीची वाट कुठे बंद होते

डेटाबेस सर्व्हरची आवृत्ती बदलायचं ठरलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो तो ‘किती वेळ बंद ठेवावं लागेल?’ हा. प्रश्न रास्त आहे. ज्यांचं काम त्या सर्व्हरवर चालतं ते तो विचारणारच. पण त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो बहुतेक वेळा राहून जातो: या सगळ्या खटाटोपात नेमक्या कुठल्या पायरीपर्यंत आपण जुन्या सर्व्हरवर काहीही न गमावता परत येऊ शकतो? डाउनटाइम तासाभराने लांबला तर बोलणी खावी लागतात आणि विषय संपतो. परतीची वाट बंद झाल्याचं ती बंद झाल्यावर कळलं, तर मात्र नव्या सर्व्हरवरची प्रत्येक अडचण तिथेच, त्याच रात्री, जागून सोडवावी लागते. म्हणून अपग्रेडचा आराखडा हातात आला की वेळेचा रकाना नंतर बघावा आणि आधी ही पायरी शोधावी, असं मला वाटतं. ती आराखड्यात लिहिलेलीच नसेल तर आराखडा अपुरा आहे.

उदाहरणं मुख्यतः पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरची देतो, कारण तिथे या वाटा एकमेकींपासून स्वच्छ वेगळ्या दिसतात. २०१७ साली आलेल्या १० या आवृत्तीपासून तिथे पहिला आकडा म्हणजे मोठी आवृत्ती आणि दुसरा आकडा म्हणजे दुरुस्त्या. १६.३ वरून १६.४ वर जाणं म्हणजे नव्या बायनरी (प्रोग्रामच्या फाइली) टाकून सर्व्हर रिस्टार्ट करणं. डेटा डिरेक्टरीला, म्हणजे डेटाच्या फाइली असलेल्या फोल्डरला, हात लागत नाही. सोबतच्या टिपणात कधी एखादा इंडेक्स (नोंद पटकन शोधायची सूची) पुन्हा बांधायला सांगितलेलं असतं, तेवढं वाचावं. असल्या दुरुस्त्या ‘चालतंय ना, मग कशाला’ म्हणून वर्षानुवर्षं न घालणं हे मला खरंच कळत नाही. त्यात सुरक्षेच्या चुका आणि डेटा खराब करणाऱ्या चुका दुरुस्त झालेल्या असतात, आणि थांबावं लागतं ते रिस्टार्टपुरतं.

मोठी आवृत्ती हे वेगळं प्रकरण आहे. सिस्टीम कॅटलॉगची (टेबलं-कॉलमांची माहिती ठेवणाऱ्या अंतर्गत टेबलांची) रचना बदललेली असते, त्यामुळे १७ चा सर्व्हर १३ ची डेटा डिरेक्टरी उघडायलाच नकार देतो. दरवर्षी एक मोठी आवृत्ती येते आणि तिला ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात. १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. मधल्या १४, १५, १६ वर मुक्काम करत जायची गरज नाही, १३ वरून थेट १७ वर जाता येतं. मात्र मधल्या प्रत्येक आवृत्तीत काय काय बदललं ते वाचावंच लागतं, आणि हे वाचन कुणी दुसरं आपल्यासाठी करू शकत नाही, कारण आपल्या ॲप्लिकेशनला त्यातलं काय लागू आहे ते आपल्यालाच माहीत असतं.

असल्या वाचनात, सुरुवात आणखी जुन्या आवृत्तीवरून असली तर, सापडणाऱ्या गोष्टी अशा असतात. १२ मध्ये ‘रिकव्हरी.कॉन्फ’ ही फाइल गेली. ती डिरेक्टरीत दिसली तर सर्व्हर सुरूच होत नाही. त्याच आवृत्तीपासून ‘विथ’ने लिहिलेला, एकदाच वापरलेला उपभाग मुख्य क्वेरीत विरघळवला जातो, त्यामुळे प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) अडवायला मुद्दाम ‘विथ’ वापरणाऱ्या जुन्या क्वेरींचा प्लॅन बदलतो. १३ मध्ये वॉल (प्रत्येक बदल आधी लिहिला जातो ती नोंदवही) किती राखायचा ते सांगणाऱ्या ‘वॉल-कीप-सेगमेंट्स’च्या जागी ‘वॉल-कीप-साइझ’ आलं. १५ मध्ये नव्या डेटाबेसच्या ‘पब्लिक’ स्कीमात (टेबलं ठेवायच्या मूळ कप्प्यात) कुणीही टेबल बनवण्याची मुभा काढून घेतली. जुनी कॉन्फिग फाइल जशीच्या तशी नव्या जागी टाकण्याचा मोह इथे नडतो: काढून टाकलेलं एखादं सेटिंग तिच्यात असलं की सर्व्हर ‘हे पॅरामीटर ओळखत नाही’ म्हणतो आणि बंद पडतो. नव्या आवृत्तीची मूळ फाइल घ्यावी आणि आपण जाणीवपूर्वक बदललेल्या ओळीच, एकेक तपासून, तिच्यात उतरवाव्यात. त्या निमित्ताने कुणी तरी कधी तरी घातलेल्या आणि कारण कुणालाच न आठवणाऱ्या ओळी गळून पडतात, हाही फायदाच.

पासवर्डचं तर हमखास होतं. १४ पासून नवे पासवर्ड साठवण्याची मूळ पद्धत एमडी५ जाऊन स्क्रॅम झाली. जुन्या सर्व्हरवरचे रोल (लॉगिनची खाती) नव्यावर आणले की त्यांचे एमडी५ हॅशही (पासवर्डची साठवलेली रूपंही) तसेच येतात. कुणाला कसं आत घ्यायचं ते सांगणाऱ्या, नव्या सर्व्हरच्या ‘पीजी-एचबीए’ फाइलमध्ये स्क्रॅम लिहिलेलं असेल तर डेटा बरोबर, पासवर्ड बरोबर, आणि तरीही लॉगिन नाकारलं जातं. त्या ओळीत एमडी५ लिहिलं तर दोन्ही प्रकारचे हॅश चालतात. मग सावकाश एकेका रोलचा पासवर्ड नव्याने ठेवून स्क्रॅमवर न्यावा. मात्र १० पूर्वीच्या लिबपीक्यूवर (पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीवर) बांधलेले क्लायंट स्क्रॅम बोलूच शकत नाहीत. म्हणजे सर्व्हर बदलण्याआधी क्लायंटच्या मशीनवरचे ड्रायव्हर मोजायचे. रात्री एकदाच चालणारा एखादा जुना रिपोर्ट कुठल्या मशीनवरून येतो हे कुणालाच माहीत नसतं. ते शोधायला कनेक्शनचा लॉग किमान एक महिनाअखेर धरून चालू ठेवणं हाच खात्रीचा उपाय.

आता वाटा. पहिली आणि सगळ्यात जुनी: डंप आणि रिस्टोअर, म्हणजे डेटा फाइलींत काढायचा आणि नव्या सर्व्हरवर पुन्हा भरायचा. ‘पीजी-डंप’ नव्या आवृत्तीचं घ्यायचं आणि त्याने जुना सर्व्हर वाचायचा, उलट नाही. डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये, अनेक जॉब लावून. रोल आणि टेबलस्पेस (डिस्कवर डेटा ठेवायच्या नेमलेल्या जागा) कुठल्याच एका डेटाबेसच्या मालकीचे नसल्यामुळे ते ‘पीजी-डंपऑल’च्या ‘ग्लोबल्स ओन्ली’ पर्यायाने वेगळे काढावे लागतात. हे विसरलं की रिस्टोअर करताना ‘हा रोल अस्तित्वात नाही’ अशा ओळींची रांग लागते. डंप सुरू झाला त्या क्षणाचं चित्र त्यात असतं, नंतरचं लिखाण नसतं, म्हणून आधी लिखाण थांबवणं आलं. वेळ जातो तो मुख्यतः रिस्टोअरमध्ये, आणि त्यातही इंडेक्स बांधण्यात. तेवढ्यापुरती ‘मेंटेनन्स-वर्क-मेम’ आणि ‘मॅक्स-वॉल-साइझ’ ही सेटिंग्ज वाढवली की फरक जाणवतो.

ही वाट संथ आहे, पण मला तिच्याबद्दल आदर आहे. जुना सर्व्हर पूर्णपणे अस्पर्श राहतो. शिवाय प्रत्येक रो वाचला जातो, प्रत्येक इंडेक्स नव्याने बांधला जातो, प्रत्येक फॉरेन की नव्याने तपासली जाते. कुठे तरी बिघडलेल्या इंडेक्समुळे युनिक कॉलममध्ये दोन सारख्या नोंदी शिरल्या असतील तर इथे युनिक इंडेक्स बांधताना त्या पकडल्या जातात. त्या रात्री ती एरर बघून जीव वैतागतो, पण ती चूक रिस्टोअरने आणलेली नसते. आधीपासून असते, आता दिसते. डेटाबेस १०० जीबीच्या आतबाहेर असेल आणि सर्व्हर बंद ठेवायला काही तासांची खिडकी मिळत असेल, तर मी दुसरी वाट शोधायच्या भानगडीत पडणार नाही.

दुसरी वाट ‘पीजी-अपग्रेड’ची. टेबलांच्या डेटा फाइलींचा साचा आवृत्त्यांमध्ये सहसा बदलत नाही, बदलतो तो कॅटलॉग. म्हणून हे साधन कॅटलॉग नव्याने उभं करतं आणि डेटा फाइली आहेत तशा नव्या घरात आणतं. आणण्याचे प्रकार निरनिराळे, आणि प्रत्येकाची परतीची पायरी निराळी. मूळ प्रकार कॉपीचा: ८०० जीबी डेटा आणि सेकंदाला २०० एमबी खरा वेग धरला तर ४,००० सेकंद, म्हणजे सव्वा तासाच्या आत, आणि डिस्कवर तेवढीच मोकळी जागा. जुनी डिरेक्टरी शाबूत. ‘लिंक’ प्रकारात फाइली कॉपी होत नाहीत, त्याच फाइलींना दुसरं नाव मिळतं. त्यामुळे डेटा कितीही असो, काम बहुधा काही मिनिटांत उरकतं, फक्त दोन्ही डिरेक्टरी एकाच फाइलसिस्टीमवर हव्यात. पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की त्याने लिहिलेलं त्याच फाइलींत जातं आणि जुना सर्व्हर पुन्हा सुरू करणं सुरक्षित राहत नाही. पायरी अगदी नेमकी आहे: लिंक करताना जुनी ‘पीजी-कंट्रोल’ फाइल ‘.ओल्ड’ असं शेपूट लावून बाजूला ठेवली जाते. नवा सर्व्हर अजून सुरू केलेला नसेल तर ते शेपूट काढून जुना चालू करता येतो. सुरू केला असेल, अगदी ‘बघू तरी’ म्हणून क्षणभर, तर मग परत यायला बॅकअपच. हे वाक्य रात्रीच्या कागदावर ठळक लिहून ठेवावं.

‘क्लोन’ हा तिसरा प्रकार १२ पासून आहे आणि तो फारसा वापरला जात नाही याचं मला वाईट वाटतं. रिफ्लिंक (दोन फाइलींनी तेच ब्लॉक वाटून वापरण्याची सोय) चालू असलेली एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस फाइलसिस्टीम असेल तर लिंकइतक्याच झपाट्याने काम होतं आणि जुनी डिरेक्टरीही वापरण्याजोगी राहते, कारण बदललेले ब्लॉकच तेवढे वेगळे होतात. नवीन मशीन घेताना फाइलसिस्टीम निवडण्याचा पाच मिनिटांचा निर्णय अशा रात्री उपयोगी पडतो.

कुठलाही प्रकार असो, ‘चेक’ पर्याय जुना सर्व्हर चालू असतानाच चालवता येतो आणि तो पुष्कळ आधी चालवावा. एन्कोडिंग, लोकेल (भाषेचे नियम), चेकसम (डेटा बिघडला का ते पडताळणारे आकडे) जुळतात का, नव्या बाजूला एक्स्टेन्शनच्या (पूरक जोडण्यांच्या) लायब्ररी आहेत का, अर्धवट राहिलेली प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन आहेत का, हे सगळं तो सांगतो. २०२५ च्या सप्टेंबरात आलेल्या १८ मध्ये नवी डिरेक्टरी बनवताना चेकसम आपोआप चालू होतात. जुना सर्व्हर चेकसमविना असेल तर तिथे जुळत नाही म्हणून काम अडतं, आणि ‘नो डेटा चेकसम’ सांगून डिरेक्टरी नव्याने बनवावी लागते.

स्टँडबाय (प्रायमरी म्हणजे मुख्य सर्व्हरची मागोमाग ताजी राहणारी प्रत) असेल तर लिंक प्रकारातही परतीची वाट उघडी ठेवता येते, आणि ही युक्ती स्वस्तातली आहे. आधी ॲप्लिकेशन थांबवायचं, मग प्रायमरी नीट बंद करायचा, स्टँडबायला शेवटचा वॉल मिळू द्यायचा आणि मग तोही बंद करायचा. दोन्हींकडे ‘पीजी-कंट्रोलडेटा’ चालवून शेवटच्या चेकपॉइंटची जागा अक्षर न् अक्षर जुळते का पाहायचं. जुळली तर तो स्टँडबाय म्हणजे जुन्या आवृत्तीची पूर्ण प्रत आहे. बाजूला ठेवा, वेळ पडली तर प्रमोट करा, म्हणजे मुख्य सर्व्हर बनवा.

तिसरी वाट लॉजिकल रेप्लिकेशनची, म्हणजे एका सर्व्हरवरचे नोंदींचे बदल दुसऱ्यावर पाठवत राहण्याची. १० पासून ती अंगभूत आहे. जुना सर्व्हर चालू असतानाच नव्यावर स्कीमा (रिकाम्या टेबलांची रचना) उभा करायचा, जुन्यावर पब्लिकेशन (काय पाठवायचं ते), नव्यावर सबस्क्रिप्शन (ते घेणारं टोक). आधी टेबलं भरतात, मग बदल वाहत राहतात, आणि शेवटी काही मिनिटांत कनेक्शन वळवायचं. डाउनटाइम सगळ्यात कमी, तयारी सगळ्यात जास्त. ‘वॉल-लेव्हल’ लॉजिकल करायला जुना सर्व्हर एकदा रिस्टार्ट करावा लागतोच. प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा कॉलम) नसलेली टेबलं आधी शोधा: सगळ्या टेबलांचं पब्लिकेशन बनवलं आणि त्यात असं एखादं टेबल निघालं, तर त्यावरचे अपडेट आणि डिलीट जुन्या, चालत्या सर्व्हरवरच एरर देऊ लागतात. तयारीच्या पायरीनेच चालतं काम बंद पाडावं यासारखं दुर्दैव नाही. त्या टेबलांना की द्या, नाही तर ‘रेप्लिका आयडेंटिटी फुल’ ठेवा आणि ते मंद चालणार हे धरून चला. सबस्क्रायबर बंद पडला तर जुन्या सर्व्हरवरचा स्लॉट (कुठपर्यंत पाठवलं याची खूण) त्याच्यासाठी वॉल साठवत राहतो आणि डिस्क भरते. १३ पासून ‘मॅक्स-स्लॉट-वॉल-कीप-साइझ’ने त्याला मर्यादा घालता येते. मर्यादा ओलांडली की स्लॉट निकामी होतो आणि टेबलं पहिल्यापासून भरावी लागतात, पण चालता सर्व्हर वाचतो. सौदा योग्य आहे.

या वाटेने काय जात नाही ते पाठच असावं. टेबलांच्या रचनेतले बदल जात नाहीत, म्हणून त्या काळात रचना गोठवायची. लार्ज ऑब्जेक्ट जात नाहीत. आणि निदान १८ पर्यंत सिक्वेन्सचे (नव्या नोंदींना क्रमांक देणाऱ्या मोजणीचे) आकडे जात नाहीत. टेबलात २ कोटी नोंदी पोचलेल्या असतात आणि नव्या सर्व्हरवरचा सिक्वेन्स १ वर उभा असतो. पहिल्याच इन्सर्टला ‘डुप्लिकेट की’. कनेक्शन वळवण्याच्या अगदी आधी, लिखाण थांबल्यावर, प्रत्येक सिक्वेन्सचा आकडा जुन्यावरून वाचून, वर दहाएक हजारांची मोकळीक ठेवून, नव्यावर बसवणारी स्क्रिप्ट आधीच लिहून चालवून पाहिलेली हवी.

या वाटेचं खरं मोल मात्र कमी डाउनटाइममध्ये नाही. लॉजिकल रेप्लिकेशन नव्या आवृत्तीकडून जुन्या आवृत्तीकडेही वाहू शकतं. म्हणजे लिखाण थांबलेलं असतानाच, ॲप्लिकेशन नव्या सर्व्हरवर सोडण्याआधी, उलट्या दिशेचं पब्लिकेशन आणि सबस्क्रिप्शन उभं करायचं. डेटा तिकडे आधीच आहे, म्हणून सबस्क्रिप्शनला सुरुवातीची भरती करू नको असं सांगायचं, आणि पहिल्या दिशेचं सबस्क्रिप्शन आधी काढून टाकायचं, नाही तर तेच बदल गोल फिरत राहतील. आता ॲप्लिकेशन नव्यावर लिहितं आणि जुना सर्व्हर मागोमाग ताजा राहतो. तीन दिवसांनी काही भलतंच निघालं तरी सिक्वेन्स पुन्हा बसवून परत जाता येतं. बाकी सगळ्या वाटांवर नव्या सर्व्हरवरच्या पहिल्या खऱ्या लिखाणानंतर परत जाणं म्हणजे तेवढा डेटा सोडणं. इथे तसं होत नाही. मोठ्या आणि न थांबणाऱ्या डेटाबेससाठी एवढी तयारी का करावी, याचं उत्तर मला इथेच सापडतं.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये ही गोष्ट अधिक कठोर आहे. ५.७ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्णविराम मिळाला. ५.७ वरून ८.० वर जाताना डेटा डिक्शनरीच बदलते आणि ८.० ने एकदा ती डिरेक्टरी बदलली की पुन्हा ५.७ वर उतरायची सोय नाही. आधीचा बॅकअप हीच वाट. मायएसक्यूएल शेलमधला अपग्रेड-तपासनीस आधी चालवावा. ‘रँक’, ‘ग्रुप्स’, ‘सिस्टीम’ हे शब्द ८.० मध्ये राखीव झाले, त्या नावाचे कॉलम असलेल्या क्वेरी मोडतात. ‘ग्रुप बाय’ केल्यावर निकाल आपोआप क्रमाने यायचा, तो यायचा थांबला, आणि ‘ऑर्डर बाय’ न लिहिलेले रिपोर्ट विस्कटले. तीन बाइटच्या जुन्या ‘यूटीएफ८’वरून चार बाइटच्या ‘यूटीएफ८-एमबी४’वर नेताना २५५ अक्षरांच्या इंडेक्सचा हिशेब बघा: ७६५ बाइट होते ते १,०२० होतात, आणि जुन्या ‘कॉम्पॅक्ट’ रो फॉरमॅटची मर्यादा ७६७ आहे. रो फॉरमॅट ‘डायनॅमिक’ केला की ती ३,०७२ वर जाते. देवनागरी अक्षरचिन्हं तीन बाइटांत मावतात म्हणून आपला मजकूर जुन्यातही टिकला. इमोजी मात्र चार बाइटांची, ती तिथे मावत नव्हती.

सगळ्यात फसवा धोका मात्र डेटाबेसच्या आवृत्तीत नसतोच. तो ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असतो, आणि अपग्रेड म्हटलं की नवीन मशीन, नवीन लिनक्स हेही सोबत येतंच. वेगळं सांगितलं नसेल तर पोस्टग्रेस मजकुराचा क्रम लावताना सी लायब्ररीला विचारतो. लिनक्सवर ती बहुधा जीलिबसी. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या तिच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियन ९ वरून १०, रेड हॅट ७ वरून ८, उबुंटू १८.०४ वरून २०.०४ या उड्या ती रेघ ओलांडतात. फरक डोळ्यांनी पाहता येतो: अमेरिकन इंग्रजी यूटीएफ-८ लोकेल ठेवून ‘१-१’ आणि ‘११’ (इंग्रजी अंकांत) या दोन ओळी ‘सॉर्ट’ कमांडला द्या. जुन्या मशीनवर ‘११’ आधी येतो, नव्यावर ‘१-१’.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? बी-ट्री इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेल्या नोंदी. शोधताना सर्व्हर प्रत्येक पानावर तुलना करून डावीकडे की उजवीकडे ते ठरवतो. नोंदी जुन्या नियमाने लावलेल्या आणि तुलना नव्या नियमाने, म्हणजे एका वर्णक्रमाने छापलेला शब्दकोश दुसऱ्या वर्णक्रमाने चाळण्यासारखं: शब्द आत आहे, पण आपण भलतीच पानं उलटतोय. क्वेरी ‘शून्य नोंदी’ म्हणते. तीच क्वेरी इंडेक्स स्कॅन, इंडेक्स-ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन बंद करून चालवली की नोंद समोर येते. पुढे ॲप्लिकेशनला वाटतं की हा ग्राहक नाही, म्हणून ते त्याच कोडची दुसरी नोंद घालतं. युनिक इंडेक्सही चुकीच्या पानावर बघून ‘नाही’ म्हणतो आणि ती घालू देतो. एररचं नाव नाही, लॉगमध्ये ओळ नाही. आठवड्याभराने रिपोर्टचे आकडे जुळत नाहीत तेव्हा शोध सुरू होतो.

डंप-रिस्टोअरने इंडेक्स नव्याने बांधले जातात म्हणून तिथे ही भीती नाही, लॉजिकल रेप्लिकेशनलाही नाही. डिस्क उचलून नव्या लिनक्सला लावणं, नव्या लिनक्सवर फिजिकल स्टँडबाय उभा करून प्रमोट करणं, आणि तिथे ‘पीजी-अपग्रेड’ चालवणं, या तिन्हींत आहे. कंटेनर वापरणाऱ्यांनी तर विशेष जपावं: इमेजच्या टॅगमध्ये खालच्या लिनक्सचं नाव बांधून घेतलं नसेल तर एके दिवशी साध्या दुरुस्तीबरोबर खालचं लिनक्सही बदलून येतं. उपाय सरळ आहे: वापर सुरू होण्याआधी मजकुराच्या कॉलमांवरचे इंडेक्स रीइंडेक्स करा, म्हणजे नव्याने बांधा. ‘सी’ कोलेशनवरचे (मजकुराचा क्रम निव्वळ बाइटांवरून लावणारे) आणि आकड्यांचे इंडेक्स सोडले तरी चालतात. कुठले बिघडलेत ते पाहायला ‘ॲमचेक’ एक्स्टेन्शन आहे. मजकुराच्या रेंजवर पार्टिशन केलेली (तुकड्यांत विभागलेली) टेबलं असतील तर रीइंडेक्सही पुरत नाही, नोंदी चुकीच्या पार्टिशनमध्ये असू शकतात. १५ पासून सर्व्हर डेटाबेसच्या कोलेशनची आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा देतो आणि ‘रिफ्रेश कोलेशन व्हर्जन’ ही कमांड सुचवतो. ती कमांड इशारा बंद करते, इंडेक्स दुरुस्त करत नाही. आधी रीइंडेक्स, मग ती. आणि रीइंडेक्स केलेली डिरेक्टरी परत जुन्या लिनक्सवर नेली तर तोच घोळ उलट्या दिशेने होतो, हेही परतीच्या हिशेबात धरा.

सराव करायचा तर खऱ्या डेटावर. रात्रीच्या बॅकअपमधून वेगळ्या मशीनवर जुनी आवृत्ती उभी करायची, तिच्यावर संपूर्ण अपग्रेड लिहिलेल्या क्रमाने चालवायचं, आणि प्रत्येक पायरीपुढे लागलेला वेळ मांडायचा. यात बॅकअप खरोखर रिस्टोअर होतो का याचीही परीक्षा होते. दहा टक्के डेटावर केलेला सराव कमांड बरोबर आहेत एवढंच सांगतो. वेळेबद्दल आणि डिस्कच्या जागेबद्दल तो काहीच सांगत नाही.

सरावात एक गोष्ट मुद्दाम अनुभवावी: स्टॅटिस्टिक्स (कुठल्या कॉलममध्ये काय आणि किती आहे याची गोळाबेरीज) नसलेला सर्व्हर. १७ पर्यंत ‘पीजी-अपग्रेड’ टेबलं आणतं पण प्लॅनरची स्टॅटिस्टिक्स आणत नाही. मग प्लॅनर ठोकळ अंदाजावर चालतो: कॉलममध्ये वेगवेगळी २०० मूल्यं असतील असं तो धरतो. १० कोटी नोंदींच्या टेबलावर, युनिक इंडेक्स नसलेल्या कॉलमवर, एका मूल्याने शोध घेतला की त्याच्या मते ५ लाख नोंदी येणार. खऱ्या असतात १०. त्या अंदाजावर तो हॅश जॉइन आणि अख्ख्या टेबलाचं वाचन निवडतो, सीपीयू १०० टक्क्यांवर जातो, आणि लोक म्हणतात नवी आवृत्ती मंद आहे. ‘व्हॅक्यूमडीबी’ला ‘ॲनालाइझ इन स्टेजेस’ सांगितलं की ते आधी १, मग १०, मग नेहमीच्या टार्गेटने तीन फेऱ्या करतं. पहिली फेरी लवकर होते आणि कामचलाऊ अंदाज देते. खिडकी परवडत असेल तर मी तिन्ही फेऱ्या संपेपर्यंत ॲप्लिकेशन उघडणार नाही. ‘ऑटोव्हॅक्यूम करेल’ यावर विसंबू नये; तो आपोआप चालणारा देखभालीचा प्रोग्राम बदललेल्या नोंदी मोजून जागा होतो, आणि न बदलणारी मोठी टेबलं तशीच राहतात. १८ पासून बहुतेक स्टॅटिस्टिक्स सोबत येतात, एक्स्टेंडेड तेवढी येत नाहीत.

प्रत्यक्ष रात्री क्रम महत्त्वाचा. आधी शेड्यूल केलेले जॉब बंद, मग ॲप्लिकेशन, मग उरलेली कनेक्शन. ‘डिफॉल्ट ट्रान्झॅक्शन रीड-ओन्ली’ हे सेटिंग कुलूप नव्हे, कुठलंही सेशन ते स्वतःपुरतं उलटवू शकतं. ‘पीजी-एचबीए’मध्ये ॲप्लिकेशनचा रस्ताच बंद करून, फाइल रीलोड करून, उरलेली सेशन तोडावीत. मग दोन्हीकडे महत्त्वाच्या टेबलांच्या नोंदी मोजायच्या, पैशांच्या कॉलमांच्या बेरजा करायच्या, शेवटच्या नोंदीची वेळ ताडायची. नुसती संख्या जुळणं पुरेसं नाही. डीएनएसने (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेने) वळवणार असाल तर टीटीएल (पत्ता लक्षात ठेवायची मुदत) आदल्या दिवशीच कमी करा, आणि तरीही काही कनेक्शन पूल जुनाच पत्ता धरून बसतात म्हणून जुन्या सर्व्हरचा रस्ता बंदच ठेवा. एखादा जॉब चुकून जुन्यावर लिहीत राहिला, तर दोन्हीकडे वेगवेगळा खरा डेटा तयार होतो आणि तो एकत्र करणं हे अपग्रेडपेक्षा मोठं काम आहे.

आणि रस्ता उघडण्याआधी दोन मिनिटं थांबून ठरवायचं: पुढे जायचं की परत? हा निर्णय कुणी घ्यायचा, किती वाजेपर्यंत घ्यायचा आणि कुठल्या तपासण्या नापास झाल्या तर परत फिरायचं, हे दिवसाउजेडी लिहिलेलं असावं. पहाटे तीनला थकलेल्या माणसांना पुढचा उपाय नेहमीच हाताशी आल्यासारखा वाटतो. परत फिरायला लागणारा वेळही खिडकीतच बसवावा लागतो. चार तासांपैकी परतीला एक तास लागणार असेल, तर निर्णयाची वेळ तीन तासांवर.

उघडल्यावर लगेच नव्या सर्व्हरचा पूर्ण बेस बॅकअप घ्या. जुने बेस बॅकअप आणि जुना वॉल नव्या आवृत्तीला उपयोगाचे नाहीत, त्यामुळे हा बॅकअप पुरा होईपर्यंत ठरावीक क्षणापर्यंत मागे जाण्याची सोयच नसते. वॉलचं आर्काइव्हही वेगळ्या डिरेक्टरीत जाऊ द्या. एक्स्टेन्शन अपडेट करा. ‘पीजी-अपग्रेड’ त्यासाठी लागणारी एसक्यूएल फाइल बनवून ठेवतं. जुना क्लस्टर (जुन्या आवृत्तीची डेटा डिरेक्टरी) पुसणारी स्क्रिप्टही ते बनवतं. ती चालवण्याची घाई करू नये. नव्याचा बॅकअप एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर होऊन उघडला, महिनाअखेरचे रिपोर्ट पार पडले, मगच. आणि जुना क्लस्टर पुसला तरी जुन्या आवृत्तीच्या बायनरी, तिच्या एक्स्टेन्शनसह आणि त्याच लिनक्सच्या इमेजसह, जपून ठेवा. नियमाप्रमाणे ७ वर्षं ठेवायचे म्हणून ठेवलेले जुने फिजिकल बॅकअप तेवढ्याच आवृत्तीला उघडता येतात, आणि ते मागितले जातील तेव्हा ते पॅकेज डाउनलोडला मिळेलच असं नाही.